नम्रता विशाल म्हात्रे यांच्या नावे

काळुरामशेठच्या दुकानात विकलेलं भांडं परत आलं, की पूर्वी त्याची वाट सरळ होती. गिऱ्हाईक कुरकुरत आत यायचं. शेठ भांडं उलटसुलट करून बघायचे, गिऱ्हाइकाच्या म्हाताऱ्या आईची चौकशी करायचे, चहा मागवायचे आणि पुढच्या खेपेला बघू म्हणून त्याला वाटेला लावायचे. पुढची खेप कधी यायची, कधी यायचीच नाही. कोणाचं किती राहिलं ते शेठच्या डोक्यात असायचं, आणि शेठचं डोकं शेठच्या सोयीनं चालायचं. त्यात सॉलोमनला काही लिहावं लागत नसे, म्हणून त्याचीही तक्रार नव्हती.

शहाण्णवच्या दिवाळीत शेठनी कॉम्प्युटर घेतला आणि सॉलोमनच्या मागे साडेसाती लागली. पनवेलच्या एका प्रोग्रॅमरनं ऑर्डरी, बिलं आणि परत आलेला माल सांभाळणारा एक प्रोग्रॅम बनवून दिला, दोन दिवस शिकवला, आणि पैसे घेऊन तो जो गेला तो गेलाच. सॉलोमन तरुणपणी इंग्रजी टायपिंग शिकलेला. वासरात लंगडी गाय शहाणी, त्यामुळे छप्पन्नाव्या वर्षी काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांकडे डोळे बारीक करून बघत बसणं त्याच्या वाट्याला आलं. दुकान पेणला, शाखा रोह्याला. दोन्हीकडे एकेक कॉम्प्युटर, आणि त्या दोघांची गाठ घालून देणारा माणूस म्हणजे सॉलोमनच. सोमवारी आणि गुरुवारी तो फ्लॉपी खिशात घालून एस.टी.नं रोह्याला जायचा आणि पेणचा व्यवहार तिथे उतरवून, तिथला फ्लॉपीत भरून संध्याकाळी परत यायचा. नागोठण्यापुढचा रस्ता त्याच्या मणक्यांना तोंडपाठ झाला होता.

परत आलेल्या मालासाठी प्रोग्रॅममध्ये दोन दारं होती. एक क्रेडिट नोटचं. माल घेतला, पैसे दुकानातच राहिले, गिऱ्हाइकानं तेवढ्या किमतीचं दुसरं काहीतरी न्यायचं. दुसरं रिफंडचं. पैसे हातावर ठेवले, विषय संपला. पहिलं दार सताड उघडं होतं. दुसऱ्याला शेठनी पासवर्डचं कुलूप घालून घेतलं होतं. गल्ल्यात आलेला पैसा आणि घरात आलेली सून परत पाठवायची नसते, असं ते सांगत. मात्र की-बोर्डवर शेठना स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षरही सापडत नसे, म्हणून पासवर्ड ते सॉलोमनच्या कानात सांगत, आणि शेठचं कानात सांगणं समोरच्या पानवाल्यालाही ऐकू जाई. पासवर्ड होता गिरजाबाई, शेठच्या आईचं नाव. सात महिन्यांत तो दोनदा लागला होता, दोन्ही वेळा शेठच्या मेहुण्यासाठी.

आणि या दोन्ही दारांच्या वर एक पत्र्याची पाटी होती: नाव घातलेली भांडी परत घेतली जाणार नाहीत.

लग्नाची भांडी म्हटली की नाव आलंच. दुकानाच्या पायरीवर रघू त्याचं नाव घालायचं मशीन घेऊन बसायचा आणि लग्नसराईत त्या मशीनची किरकिर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत थांबायची नाही. नाव मुलीचं, पण माहेरचं नव्हे. सासरचं आडनाव, आणि सासरच्यांनी तिचं पाळण्यातलं नावही बदलायचं ठरवलं असेल तर तेही नवीन. साखरपुड्यात नाव ठरायचं, पुढच्या आठवड्यात ते रघूच्या मशीनखाली यायचं, आणि जी बाई अजून झालेलीच नाही तिचे हंडे, कळश्या, पराती दुकानात रांगेनं मांडल्या जायच्या. याचं कोणाला काही वाटत नसे. सॉलोमनलाही वाटत नसे, निदान सत्त्याण्णवच्या मे महिन्यापर्यंत तरी.

नाथा ठाकूरची ऑर्डर एप्रिलातल्या एका शनिवारी घेतलेली. शनिवारी, म्हणजे यहुद्यांच्या शब्बाथला, सॉलोमन कामावर येत नसे. त्याच्या आजोबांचा तेलाचा घाणासुद्धा शनिवारी बंद असायचा, आणि बाकीचं बरंच सुटलं तरी एवढं त्यानं धरून ठेवलं होतं. त्याच्यामागे गल्ल्यावरचा जनू ऑर्डरी भरायचा. आता प्रोग्रॅममध्ये ‘ग्राहकाचं नाव’ म्हणून एक जागा होती. तिथे पैसे देणाऱ्याचं नाव टाकायचं असतं, हे सॉलोमननं जनूला पाच-सहा वेळा सांगितलं होतं. जनू तिथे भांड्यावर घालायचं नाव टाकायचा. म्हणजे तोच कागद छापून रघूच्या हातात देता येतो, परत वेगळं लिहायला नको. भांडी ज्याची, ऑर्डर त्याची, असा त्याचा सरळ हिशेब. सहाव्या वेळेनंतर सॉलोमननं सांगायचं सोडून दिलं. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

नाथा खारेपाटातल्या एका गावचा, मिठागरात राबणारा. पायाची कातडी मिठानं फुटून फुटून टणक झालेली. त्याला वाचता येत नव्हतं, पण त्याची मुलगी भाविका बारावी झालेली होती आणि तीन वर्षं पेणला पापडाच्या कारखान्यात लाटायला येत होती. एक्कावन्न भांड्यांच्या पैशांतले निम्म्याहून जास्त तिच्या पापडाचे, हे नाथानं स्वतःच जनूला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. नवरा मुलगा विशाल म्हात्रे, रोह्याजवळच्या धाटावला एका कंपनीत शिफ्टला जाणारा. साखरपुड्यात सासूनं मुलीचं नाव नम्रता ठरवलं. लग्न अठरा मेला होतं.

नऊ तारखेला मध्यस्थ निरोप घेऊन आला, की पत्रिका पुन्हा दाखवली, मुलीला कडक मंगळ निघाला. हा मंगळ साखरपुड्याच्या दिवशी कुठे गेला होता, असं कोणी विचारलं नाही, कारण खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. विशालला रोह्यातच दुसरी मुलगी सांगून आली होती आणि तिच्या बापाची बाजारपेठेत दोन खोल्यांची जागा होती.

तेरा तारखेला दुपारी नाथा टेम्पोत भांडी घालून दुकानात आला. मागे भाविका होती. शेठनी आधी पाटीकडे बोट दाखवलं, मग नाथाच्या तोंडाकडे बघितलं आणि बोट खाली घेतलं. शेठ काही वाईट माणूस नव्हते, फक्त व्यापारी होते. नावं घासून काढायला खर्च येतो, तेव्हा चौथा हिस्सा कापून बाकीच्याची क्रेडिट नोट देतो म्हणाले. नाथा उपकार मानून हात जोडायला लागला. तुळशीचं लग्न झालं की दुसरं स्थळ बघणार होता तो. तोवर भांड्यांचे पैसे दुकानात राहिले म्हणजे घरात खर्चायचे तरी नाहीत.

भाविका तेव्हा एकदाच बोलली. पैसे नाही का मिळायचे, एवढंच तिनं विचारलं. शेठ हसले आणि नाथानं तिला गप्प बसायची खूण केली.

सॉलोमन क्रेडिट नोट करायला बसला तेव्हा पाच वाजून गेले होते. जुनी ऑर्डर उघडली आणि ग्राहकाच्या जागी हिरव्या इंग्रजी अक्षरांत नम्रता विशाल म्हात्रे असं नाव आलं. त्याच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण ते नाव बदलायचं तर अख्खी ऑर्डर रद्द करून एक्कावन्न ओळी नव्यानं भराव्या लागल्या असत्या. पंखा बंद होता, वीज कधी जाईल त्याचा नेम नव्हता, पाठीतून कळ येत होती. सॉलोमननं एंटर दाबला. प्रिंटरनं करकर करत कागद बाहेर टाकला. पाच हजार एकशे तीस रुपये, नम्रता विशाल म्हात्रे यांच्या नावे, आणि खाली प्रोग्रॅमरनं घालून ठेवलेली तळटीप, की ही नोट वर नाव असलेल्या व्यक्तीलाच वापरता येईल. नाथानं कागदाची घडी केली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. भाविकानं घडी घालण्याआधी कागद वाचला होता.

पुढे सव्वा महिना गेला. नाव घातलेली भांडी गोणत्यांत भरून रोह्याच्या शाखेच्या माळ्यावर गेली आणि घासायला न्यायचं तेवढं राहून गेलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, सॉलोमन रोह्याला होता. धाटावच्या पहिल्या पाळीची माणसं सुटून बाजारात आली होती, दोघेतिघे डबे बघून न घेताच गेले होते. तेवढ्यात भाविका आत आली. पेणहून एस.टी.नं आली होती. गुरुवारी तुम्ही इथे असता आणि शेठ नसतात, हे तिनं जनूकडून काढून घेतलं होतं आणि तसं सांगूनही टाकलं. सॉलोमनला ती त्यामुळेच थोडी आवडली. तो तिला म्हणाला, बस गो, आणि स्टूल पुढे केलं.

तिनं पर्समधून दोन कागद काढले. एक सॉलोमननं स्वतःच छापलेला. दुसरं अलिबागहून आलेलं पत्र. नर्सिंगच्या दीड वर्षाच्या कोर्सला तिची निवड झाली होती. फी, राहण्याचं डिपॉझिट, गणवेश मिळून पाच हजारांच्या आत होतं, पण शनिवारपर्यंत भरायचं होतं, नाहीतर जागा पुढच्या नंबराला जाणार होती. बापाला तिनं विचारलं होतं. बाप म्हणाला होता, एक लग्न मोडलेलं, त्यात पोर घराबाहेर राहायला गेली तर लोक तोंडात शेण घालतील. हा कागद तिनं आज सकाळी ट्रंकेतून काढला होता.

“चोरलाय म्हणा,” ती म्हणाली.

सॉलोमननं तिला नियम सांगितला. रिफंड शेठच्या परवानगीशिवाय होत नाही. शेठ परवानगी देत नाहीत. ही नोट आहे, हिच्यावर भांडी मिळतील, मिक्सर मिळेल, स्टोव्ह मिळेल. हे सांगताना त्याला स्वतःच्या आवाजाचाच कंटाळा आला. सात महिन्यांत हीच वाक्यं त्यानं किती जणांना सांगितली होती, आणि सगळे शेवटी मान हलवून निघून जात होते.

भाविका गेली नाही. तिनं डोळ्यांत पाणीही आणलं नाही.

“काका, ह्याच्यावर काय मिळतं ते मला ठाऊक हाय. भांडी मिळतात. भांडी घरात आली की बाबा कोणाचं तरी नाव घालून आणणार. मग मी त्या नावाच्या मागनं जायचं. दुसरं काय मिळत नाय ह्याच्यावर.”

सॉलोमन पडद्याकडे बघत राहिला. एकाहत्तर साली त्याची आई आणि दोघे भाऊ इस्राएलला गेले. जायच्या आधी घरातली पितळी भांडी विकायला काढली, ती याच शेठच्या वडिलांनी मोडीत घेतली. पोती सॉलोमननंच वाहून आणली होती. प्रत्येक भांड्याच्या काठाला आईचं नाव होतं, तेही सासरचंच. तराजूत भांडी गेली, किलोवर भाव झाला, नावाचे पैसे कोणी दिले नाहीत आणि नावापायी कोणी कापलेही नाहीत. आई तराजूच्या काट्याकडे बघत उभी होती. मग म्हणाली, चला, सुटलो, आणि तिथेच खाली बसून रडली. सॉलोमन मागे राहिला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता आणि त्याला वाटलं होतं, की कोणीतरी मागे राहायला हवं. नाव घातलं म्हणून भांडं परत घेता येत नाही, ही गोष्ट त्याला त्यामुळे कधीच पटली नव्हती. पण चोवीस वर्षांच्या नोकरीत न पटलेल्या गोष्टी खूप साठतात, त्यातली ही एक.

पुढे जे झालं ते सॉलोमनच्या थोरपणामुळे झालं असं म्हणायला मन होतं, पण ते खरं नव्हे. तो थकला होता. या मुलीला नाही म्हणायचं, ती जाताना तिची पाठ बघायची, आणि तिचा चेहरा फ्लॉपीबरोबर खिशात घालून दीड तास खड्ड्यांतून पेणला न्यायचा, एवढं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. हो म्हणणं त्यातल्या त्यात हलकं होतं. त्यानं रिफंडचं दार उघडलं. पासवर्ड मागितला गेला. सॉलोमननं एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, शेठच्या आईचं नाव टाकलं. आयुष्यात त्यानं मालकाची पहिली चोरी केली ती अशी, पाठीला उशी लावून.

प्रिंटरनं पावती छापली. सॉलोमननं गल्ल्यातून पैसे काढले, दोनदा मोजले, आणि पावती तिच्यासमोर सरकवली.

“इथे सही कर. वर जे नाव आहे त्या नावानं.”

भाविकानं नाव वाचलं आणि हात मागे घेतला.

“मी ती नाय.”

“मला ठाऊक आहे. पण पैसे तिचे आहेत.”

तिनं पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. सॉलोमनला वाटलं, आता ही उठून जाणार, आणि त्याला सुटल्यासारखंही वाटलं. मग तिनं खाली वाकून, शाळेत पाटीवर लिहावं तसं सावकाश, नम्रता विशाल म्हात्रे असं लिहिलं. बाहेर पडताना दारात थांबून तिनं विचारलं, की तुम्हाला काही होईल का. तो म्हणाला, होईल ते होईल, आधी गाडी पकड.

त्याच रात्री शेठना सांगायचं असं सॉलोमननं ठरवलं होतं. पण शेठ कुठल्याशा बारशाला गेले होते. शुक्रवारी त्यांचं डोकं दुखत होतं. शनिवारी सॉलोमन घरी होता आणि बायको लीया त्याला दोनदा म्हणाली, की आज तुमचं लक्ष कुठे आहे. रविवारी दुकान बंद. सांगायचं राहून जायला चांगल्या चांगल्या सबबी मिळत गेल्या, आणि सॉलोमननं त्या एकेक करून सगळ्या वापरल्या.

सोमवारी सकाळी तो रोह्याची गाडी पकडायला निघणार एवढ्यात नाथा दुकानाच्या पायऱ्या चढून आला. त्याच्या धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल होता. शनिवारी सकाळी भाविका आईच्या कानावर घालून अलिबागला गेली होती. आईनं ते रविवारी सांगितलं. मग नाथानं ट्रंक उघडली. कागद हरवला तरी पैसे दुकानात शाबूत आहेत ना, एवढंच त्याला विचारायचं होतं.

शेठनी सॉलोमनला मशीन उघडून बघायला सांगितलं. सॉलोमननं मशीन उघडलं नाही. उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगून टाकलं: मुलगी आली, कागद आणला, पैसे मागितले, मी दिले, पासवर्ड तुमचा होता, हात माझा होता.

शेठना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा आवाज पानवाल्याच्याही पलीकडे गेला. चोवीस वर्षं मीठ खाल्लं, पोटच्या पोरांना सांगितलं नाही ते या माणसाच्या कानात सांगितलं, आणि यानं माझ्या आईच्या नावानं माझाच गल्ला उघडला! सॉलोमन ऐकून घेत होता. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, आणि ऐकून घेणं त्याला सांगण्यापेक्षा सोपं जात होतं. मग शेठनी ती सही केलेली पावती मागितली. सॉलोमननं ती चार दिवस खिशातच ठेवली होती. शेठनी चष्मा लावला, पावती वाचली, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. रागावलेल्या शेठपेक्षा हळू बोलणारे शेठ जास्त वाईट, हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं.

ही सहीच खोटी आहे, ते नाथाला म्हणाले. या नावाची बाई जगात नाही. तुझ्या पोरीनं घरातून कागद चोरला, खोटं नाव लावलं आणि पैसे उचलले. तू फक्त तक्रार लिहून दे, अंगठा दे. मी कॉलेजात माणूस पाठवतो, ते पैसे परत करतील, पोर घरी येईल, तुझी नोट तुला नवी करून मिळेल, आणि या सॉलोमनला मी आजच हिशेब करून घरी पाठवतो. त्यांनी जनूला कागद आणायला सांगितला.

नाथा पावतीकडे बघत होता. त्याला त्यातलं एक अक्षरही लागत नव्हतं.

“काय नाव हाय म्हनता ह्याच्यावर?”

“नम्रता विशाल म्हात्रे,” शेठ म्हणाले. “आहे का अशी कोण तुझ्या घरात?”

जनू कागद घेऊन आला, शाईचं पॅड उघडून ठेवलं. सॉलोमनला वाटलं, की आता हा नाही म्हणणार आणि ते खरंच असणार. नसलेल्या बाईला पैसे दिले म्हणून नोकरी जाईल, आणि त्या मुलीला अलिबागहून हाताला धरून आणतील. स्वतःच्या नोकरीपेक्षा त्याला ती दुसरी गोष्ट जास्त लागली.

“होती,” नाथा म्हणाला. “पंचवीस दिस होती माज्या घरात. साखरपुड्यापासनं आमी सगळी तिला त्याच नावानं हाक मारायचो, सासरी गेल्यावर चुकाया नको म्हनून. तिची आय चुकली की मी ओरडायचो.” त्यानं शाईचं पॅड जनूकडे परत सारलं. “पापड लाटून पैसे तिनंच आनले, ह्या कागदावर नाव तिचंच हाय, सही तिचीच हाय. तिचे पैसे तिला पोचले. माजी कायपन तक्रार नाय, शेठ.”

शेठनी त्याला आणखी दोनदा समजावलं. ज्याच्या तक्रारीवर सगळं उभं करायचं तोच हलत नाही म्हटल्यावर त्यांचा पारा हळूहळू खाली आला. सॉलोमनच्या दिवाळीच्या बोनसवर पाणी सोडायचं त्यांनी जाहीर केलं, पासवर्ड आजच्या आज बदलायचा म्हणाले, आणि तो बदलायचा कसा हे सॉलोमनलाच विचारावं लागणार हे लक्षात आल्यावर चहा मागवला. सॉलोमननं चहा घेतला नाही. त्याला उशीर झाला होता.

नाथा त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत आला. दोघंही जपून, चिखल चुकवत चालत होते. सॉलोमननं आभार मानायचा प्रयत्न केला, पण नाथाचं लक्ष नव्हतं.

“त्यांचा निरोप आला ना, भाऊ,” नाथा एकदम म्हणाला, “त्या दिसापासनं पोरीला कुठल्या नावानं हाक मारायची तेच मना समजना. जुनं तोंडात येत नव्हतं, नवं घ्यायची लाज वाटायची. म्हनून हाकच मारली नाय. दीड महिना एका घरात ऱ्हायलो, तिला हाक मारली नाय मी. ए, म्हनायचो. नायतर भांडं वाजवायचो.”

स्टँडवर रोह्याची गाडी सुटून गेलेली होती. पलीकडे अलिबागची गाडी लागली होती, आणि नाथाच्या गावाची गाडी तिच्या मागे उभी होती. नाथा गावाच्या गाडीकडे गेला नाही. अलिबागच्या गाडीच्या दाराशी जाऊन तो थांबला आणि मागे वळला.

“तिथं गेल्यावर कुनाला विचारू? काय नाव सांगू?”

“भाविका नाथा ठाकूर म्हणून सांगा,” सॉलोमन म्हणाला.

“त्यांच्या कागदावर तेच हाय ना? नक्की?”

“तेच आहे. मी पत्र स्वतः वाचलंय.”

नाथा आत चढला आणि खिडकीशी बसला. कंडक्टरनं घंटी दिली तरी, गाडी फाटकातून बाहेर वळेपर्यंत, तो मांडीवर हात ठेवून ते नाव तोंडातल्या तोंडात पुन्हा पुन्हा म्हणत होता.